हे पडत का नाही, आणि इथे कोण राहणार?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात आलेलं एकही खोकं ती टाकू देत नाही. त्याला दारं-खिडक्या कापते, वर दुसरं खोकं चढवते आणि मग जिना कुठून न्यायचा याचा विचार करत तासन्‌तास बसते. ही आवड बघून आम्ही सुट्ट्यांमध्ये तिला मुद्दाम प्रसिद्ध जुन्या इमारती दाखवायला लागलो. पण तिथे ती थोड्या वेळात कंटाळते आणि पायऱ्यांवर जाऊन बसते. इमारतींच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक आणलं, तेही तिने उघडलं नाही. आम्हा दोघांना या विषयातलं काहीच कळत नाही. तिला क्लास लावावा का? बांधकामाचा महागडा सेट घ्यावा, की कॉम्प्युटरवर डिझाइन शिकवावं? माझे दीर म्हणतात, तिचं गणित बेताचं आणि चित्रातली रेघ वाकडी, हे खूळ आत्तापासून डोक्यात भरवू नका. शिवाय पाच वर्षांचा धाकटा भाऊ तिने बांधलेलं रोज पाडतो, त्यावरून रोज रडारड होते. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी थांबले. मुलगी जिना कुठून न्यायचा याचा विचार करत बसते, आणि प्रसिद्ध इमारत बघायला नेलं की पायऱ्यांवर जाऊन बसते. पहिली गोष्ट तुम्ही कौतुकाने लिहिलीत, दुसरी तक्रारीच्या सुरात. मला दोन्हींत एकच मूल दिसतं, आणि ते योग्य वाटेवर आहे.

जिना ही घराच्या आराखड्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. तो खालच्या मजल्यावरची जागा खातो आणि वरच्या मजल्यावरचीही. कुठून चढायचं ते ठरवलं की कुठे पोचायचं तेही ठरून जातं. चढताना डोकं आपटू नये म्हणून वरचा स्लॅब कापावा लागतो. आणि तो हातभर सरकवला की शेजारच्या खोल्याही सरकतात. मी कित्येक वर्षं घरांचे नकाशे काढते आहे, तरी नवं काम हातात आलं की पहिला बराच वेळ जिन्यातच जातो. तुमची मुलगी खोक्यांतून थेट तिथे पोचली. तिला या विषयाची ओळख करून द्यायला तुम्ही उशीर केलेला नाही आणि घाईही करायची गरज नाही. तिने जे धरलं आहे त्याला खतपाणी कसं घालायचं, एवढंच बघू.

आधी कंटाळ्याबद्दल. जुन्या इमारतीपाशी आपण मुलांना काय सांगतो? कोणी बांधली, कधी बांधली, कुठल्या शैलीत बांधली. या माहितीचं नऊ वर्षांच्या मुलीने करायचं काय? माझं म्हणणं असं की मुलांबरोबर कुठल्याही इमारतीपाशी, मग तो राजवाडा असो की बसथांबा, दोनच प्रश्न घेऊन जावं. हे पडत का नाही? आणि इथे कोण येणार, काय करणार? पहिल्या प्रश्नात वजन, साहित्य आणि आकार येतात. दुसऱ्यात माणसं येतात, त्यांची उंची, त्यांच्या सवयी, त्यांचं ऊन-पाऊस-वारा येतात. वास्तुकलेचं बहुतेक सगळं या दोन प्रश्नांत मावतं, आणि हे विचारायला आईवडिलांना विषय यावा लागत नाही. तुम्हाला उत्तर माहीत नाही हे उलट बरं, दोघी मिळून शोधाल.

नमुना म्हणून रोममधलं पँथिऑन हे प्राचीन मंदिर घ्या. प्रत्यक्ष जायला नको, फोटो पुरतात. इसवी सन 125 च्या सुमाराला पूर्ण झालेली ही इमारत. तिच्या घुमटाचा व्यास 43.3 मीटर, आणि फरशीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत 43 मीटरचा एक अख्खा चेंडू मावेल. घुमट काँक्रीटचा आहे, पण त्यात सळई नाही. तरी तो जवळजवळ 1900 वर्षं उभा आहे. पडत का नाही?

इथे उत्तर सांगून टाकायचा मोह आवरा. मुलीला विचारा, तू बांधत असतीस तर जड दगड खाली घातला असतास की वर? भिंत सगळीकडे सारखी जाड ठेवली असतीस का? तिला सुचू द्या. मग दाखवा की रोमन कारागिरांनाही तेच सुचलं होतं. घुमटाच्या तळाशी काँक्रीट सुमारे 6 मीटर जाड आहे आणि माथ्यापाशी जेमतेम सव्वा मीटर. खालच्या थरांत जड खडी आहे, वर जाताना ती हलकी होत जाते, आणि शेवटच्या थरांत ज्वालामुखीतून निघणारा, भोकं-भोकं असलेला, पाण्यावर तरंगणारा दगड आहे. आणि अगदी माथ्यावर, जिथे वजन सगळ्यात नकोसं, तिथे काहीच नाही: आठ-नऊ मीटर रुंदीचं मोकळं आकाश. ‘मग पाऊस आत येत असेल!’ हे ती स्वतःच म्हणेल. हो, येतो. म्हणून फरशीला किंचित ढाळ दिलाय आणि तिच्यात पाणी जायला बारीक भोकं आहेत. एका इमारतीपाशी मुलाने एवढं केलं तर खूप झालं. उरलेली पंचवीस दालनं बघितली नाहीत तरी चालेल.

आता त्या पायऱ्या. पुढच्या वेळी ती जाऊन बसली की तुम्हीही शेजारी बसा, आणि पिशवीत मोजायची टेप ठेवा. एका पायरीची उंची मोजा, मग पाऊल ठेवायची रुंदी मोजा. घरी आल्यावर तुमच्या इमारतीच्या जिन्याची तीच मापं घ्या. बहुधा दिसेल की सार्वजनिक इमारतीसमोरच्या पायऱ्या बुटक्या आणि ऐसपैस आहेत, घरचा जिना त्यापेक्षा उभा आहे. का? तिथे गर्दीने माणसं येतात, रेंगाळतात, बसतात, तुमची मुलगी बसली तशीच. सतराव्या शतकात फ्रान्सचे वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी यासाठी एक हिशोब मांडला. पायरीची उंची दोनदा घ्या, त्यात रुंदी मिळवा, आणि उत्तर माणसाच्या एका सहज पावलाएवढं आलं पाहिजे. आज तो आकडा साधारण 60 ते 64 सेंटिमीटर धरतात. उंची 15 आणि रुंदी 30 असेल तर 60. उंची 17 आणि रुंदी 28 असेल तर 62. आपल्या भागातला एखादा त्रासदायक जिना, जिथे सगळेच अडखळतात, तिला मोजायला सांगा. एक तर हा हिशोब बसत नसेल, नाही तर एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन-एक सेंटिमीटरने उंच असेल. पाय मागच्या पायरीची उंची लक्षात ठेवून पुढचं पाऊल टाकतो, म्हणून तेवढा फरकही पुरतो. असा एक जिना तिने स्वतः पकडला की तिची नजर कायमची बदलते, हे मी मुलांमध्ये बघितलंय.

घरातही तुमच्यापाशी भरपूर सामग्री आहे. टेप हातात देण्याआधी तिला तिचं शरीर मोजू द्या. तिची वीत किती सेंटिमीटर, तिचा हात किती, तिचं चालतानाचं पाऊल किती, ती हात वर करून उभी राहिली की बोटं कुठवर पोचतात. एकदा हे वहीत उतरवलं की मापं तिच्यासोबत सगळीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने माणसाच्या शरीरावरून मापांची एक पद्धत बसवली. त्यातला माणूस 1.83 मीटर उंच, आणि हात वर केला की 2.26 मीटर. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या त्याच्या मोठ्या निवासी इमारतीतल्या खोल्यांची उंची त्याच 2.26 वरून ठरली. मुलीला हे सांगितलंत तर ती लगेच विचारेल की मग माझ्या मापाचं घर केवढं? हा प्रश्न अजिबात झटकू नका.

तिच्या मापाचं घर करण्याआधी एक काम करायला सांगा. धाकट्या भावाच्या डोळ्यांची उंची मोजायची, ती मीटरभर असेल, आणि तेवढ्या उंचीवर फोन धरून प्रत्येक खोलीचा एक फोटो काढायचा. टेबलाच्या खालची बाजू, कडीपर्यंत न पोचणारा हात, खिडकीच्या चौकटीच्या वर जेमतेम दिसणारं आकाश, असं सगळं त्या फोटोंत येईल. एकच घर दोन माणसांना किती वेगळं असतं हे समजावून सांगायला मला दुसरा इतका सोपा मार्ग माहीत नाही. शिवाय भावाकडे ती पहिल्यांदा त्या घरात राहणारा माणूस म्हणून बघेल. त्याचा उपयोग पुढे आहे.

नकाशा म्हणजे काय हेही खोक्यानेच शिकवा. या वयाची मुलं घराचा नकाशा काढताना भिंती वरून बघितल्यासारख्या काढतात आणि दारं समोरून बघितल्यासारखी, आडवी पडलेली. ती चूक म्हणून खोडू नका. तिने केलेलं एक खोक्याचं घर घ्या, ज्यात तिचा फार जीव नाही असं. घरातल्या माणसाच्या कमरेच्या जरा वर येईल अशा उंचीवर ते आडवं कापा, वरचा भाग उचलून बाजूला ठेवा आणि वरून बघा. भिंतींच्या कापलेल्या कडा दिसतात, दारं म्हणजे त्या कडांमधली मोकळी जागा, खिडक्याही कापल्या गेल्या. हाच नकाशा. आम्हीही नकाशा काढताना इमारत जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर कापली आहे असंच धरतो. मग दुसरं खोकं उभं कापा. आता मजले, छत, जिना एकावर एक दिसतात. त्याला छेद म्हणतात, रोजच्या बोलण्यात सेक्शन. जिन्याची अडचण नकाशात सुटत नाही, छेदात सुटते. हे कळलं की तुमची मुलगी तासन्‌तास बसायची ती नेमकी कशाशी झुंजत होती ते तिचं तिलाच कळेल.

यात एक गोष्ट सुरुवातीपासून पाळा: पुठ्ठ्याचा माणूस. दीड-पावणेदोन मीटरचा माणूस आठ सेंटिमीटरचा करा, म्हणजे प्रमाण ढोबळमानाने 1:20 झालं, आणि प्रत्यक्षातला एक मीटर म्हणजे पुठ्ठ्यावरचे 5 सेंटिमीटर. हा माणूस प्रत्येक घरात उभा राहिला पाहिजे, दारातून गेला पाहिजे, पायरी चढला पाहिजे. त्याच्याशिवाय केलेली घरं दिसायला छान होतात, पण मोठी आहेत की छोटी, त्यांत राहता येईल की नाही, काही सांगता येत नाही. संध्याकाळी खोलीतला दिवा घालवून टॉर्च घ्या. ती कधी एका बाजूने खाली धरा, कधी वरून. खिडकी सरकवली की आतलं ऊन कुठे जातं, छज्जा लावला की काय होतं, ते लगेच दिसतं. माझ्या मते मॉडेलचा खरा आनंद इथे आहे.

आता पडण्याबद्दल, आणि तुमच्या धाकट्याबद्दल. पाडणं हा बांधकाम शिकण्याचा भाग आहे, म्हणून ते काम त्यालाच रीतसर द्या. नियम दोनच: ताईने हो म्हटल्याशिवाय पाडायचं नाही, आणि पाडताना एका वेळी एकच वजन ठेवायचं. तिने पूल बांधावा, त्याने एकेक पुस्तक ठेवत जावं, तिने वहीत लिहावं की कितव्या पुस्तकाला आणि कुठून मोडला. साधा कागद दोन डब्यांवर आडवा ठेवला तर एक नाणंही पेलत नाही. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तो चांगलंच वजन उचलतो. गुंडाळून नळकांडं करून उभा केला तर जाड पुस्तक तोलतो. कागद तोच, वजन तेच, बदलला फक्त आकार. याहून मोठा धडा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातही नसतो.

काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यांत मातीचे गोळे लावा आणि ढकला. तो कलंडतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. पुढे भल्यामोठ्या जाळीदार घुमटांसाठी गाजलेले बकमिन्स्टर फुलर हे बालवाडीत असताना शिकले, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. त्यांना दिसायचं कमी. वर्गात दातकोरणी काड्या आणि वाटाणे दिले होते. बाकीच्या मुलांनी डोळ्यांना ओळखीच्या चौकोनी घरांसारखी घरं केली, आणि यांनी बोटांनी चाचपडत, जे ढळत नाही तेच ठेवत जाऊन, त्रिकोणांचं काहीतरी उभं केलं. तुमच्या मुलीची नजर चांगली असेल, तरी एकदा डोळे मिटून हे करायला सांगा.

साखळीचा प्रयोगही जरूर करा. उभ्या पुठ्ठ्यावर दोन टाचण्या लावून त्यांना एक बारीक साखळी लोंबकळती सोडा. तिने धरलेला वळणदार आकार पेन्सिलीने गिरवा आणि पुठ्ठा उलटा करा. ती कमान झाली, आणि साधीसुधी नाही, स्वतःचं वजन नीट जमिनीपर्यंत पोचवणारी. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1675 मध्ये हे सूत्र मांडलं की लोंबकळती साखळी जो आकार घेते, तोच उलटा केला की दगडाची कमान त्या आकारात उभी राहते. बार्सिलोनाचे वास्तुविशारद अंतोनी गाउदी यांनी यावरूनच एका चर्चचं अख्खं मॉडेल दोऱ्यांनी उलटं टांगलं, दोऱ्यांना वजनाच्या पिशव्या बांधल्या, आणि ते उलटं बघून कमानींचे आकार ठरवले. त्या रेषेवर मातीचे ठोकळे कापून मुलीला कमान रचू द्या. खालून पुठ्ठ्याचा आधार द्यायचा, आणि शेवटचा ठोकळा बसला की आधार हळूच काढायचा. पहिल्या खेपेला कोसळेल. तिला कुठला ठोकळा आधी सरकला ते विचारा.

खोकी आणि पुठ्ठा म्हणजे पोरखेळ, असं कोणी म्हणालं तर शिगेरू बान यांचं नाव सांगा. जपानमध्ये 1995 साली कोबे इथे भूकंप झाला तेव्हा या वास्तुविशारदाने बेघर झालेल्यांसाठी कागदाच्या जाड नळ्यांच्या भिंतींची घरं उभारली. पाया होता वाळूच्या पिशव्यांनी भरलेल्या प्लास्टिकच्या क्रेटचा. पुढे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंपात जुन्या कॅथेड्रलची, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चची, मोठी पडझड झाल्यावर 2013 मध्ये त्यांचं पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेलं कॅथेड्रल उभं राहिलं. 2014 मध्ये त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, वास्तुकलेतला हा जगातला सर्वात मानाचा पुरस्कार समजतात.

या सगळ्याहून मोलाची वाटते ती पुढची पायरी, आणि बहुतेक क्लास नेमकी तीच गाळतात. मूल स्वतःच्या मनातलं घर कितीही वेळा बांधेल. त्यात झोपायला झाडावरची खोली असेल, घसरगुंडी असेल, आणि असावीच. पण एका टप्प्यावर त्याला दुसऱ्या माणसासाठी बांधायला सांगा. खरा माणूस हवा, ज्याला जाऊन प्रश्न विचारता येतील. माझ्याकडे मुलांच्या कार्यशाळेला आलेल्या एका मुलाने आजोबांसाठी खोली करायला घेतली. पहिल्या दिवशी त्याने मोठा टीव्ही आणि आरामखुर्ची काढली. मी त्याला आजोबांना विचारून यायला सांगितलं: दिवसभरात सगळ्यात अवघड काय जातं? ते म्हणाले, रात्री उठल्यावर अंधारात बाथरूमपर्यंत जाणं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मॉडेलमध्ये पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला आगपेटीच्या काड्यांचा कठडा होता, पलंग दाराच्या बाजूला वळलेला होता, उंबरठा काढून टाकलेला होता, आणि दिव्याचं बटण बसल्या जागी हात पोचेल इतकं खाली आलं होतं. टीव्ही राहिला होता, जरा कोपऱ्यात.

तुमच्या घरात असा माणूस तयार आहे, पाच वर्षांचा. त्याच्या उंचीवरून काढलेले फोटो मुलीकडे असतील. आता तिने त्याची मुलाखत घ्यावी: घरात तुला कुठे लपायला आवडतं, कुठे भीती वाटते, कुठे हात पोचत नाही? आणि त्याच्यासाठी एक कोपरा बांधावा, आधी पुठ्ठ्यात, मग जमलं तर खराखुरा, टेबलाखाली किंवा कपाटाशेजारी. स्वतःसाठी बांधलेलं पाडायला मुलं सहसा धजत नाहीत. तरी पाडलंच, तर काहीतरी पटलेलं नाही असं समजून पुन्हा विचारायचं.

मुलांसाठी विचार करून बांधलेल्या दोन जागा तिला जरूर दाखवा. टोकियोजवळची फुजी बालवाडी, 2007 सालची, ताकाहारू आणि युई तेझुका या दांपत्याने केलेली. तिचं छप्पर म्हणजे भलीमोठी लंबवर्तुळाकार कडी, आणि मुलं त्यावर गोल गोल धावतात. वर्तुळाला टोक नसतं, त्यामुळे थांबायचं कारणच नाही. आधीपासून असलेली झाडं तोडली नाहीत, ती छपरातून वर आली आहेत. दुसरी जागा ॲम्स्टरडॅममधली, किंवा जागा म्हणण्यापेक्षा जागांचं जाळं. महायुद्धानंतर शहरात रिकाम्या पडलेल्या कोपऱ्यांवर वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी 1947 पासून पुढच्या तीस वर्षांत 700 हून जास्त खेळाच्या जागा केल्या. त्यांत होतं काय? वाळूचा खड्डा, उड्या मारायला बसकी गोल दगडं, लोंबकळायला लोखंडी कमानी. हत्ती नाही, घोडा नाही. त्या दगडाचं काय करायचं हे मुलांनी ठरवायचं. या फोटोंवरून मुलीला दुसरा प्रश्न विचारा, इथे कोण येणार आणि काय करणार, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

थोडी मोठी झाली, किंवा आत्ताच उत्साह असला, तर तिला उतार करायला द्या. जवळच्या एखाद्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, व्हीलचेअर आत न्यायची आहे. उताराचं जगभर वापरलं जाणारं प्रमाण 1:12, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. तीन पायऱ्या 15 सेंटिमीटरच्या धरल्या तर चढ 45 चा, आणि उतार 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब. जमिनीवर खडूने आखला की तिचा विश्वास बसणार नाही. तो रस्त्यावर जाईल, किंवा झाडाला अडेल. मग तो वळवायचा कसा, वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा किती हवी, हे सुरू होतं. दिरांना इथे बोलवा. गुणाकार, प्रमाण, भूमिती सगळं यात आहे, आणि मुलीला ते करायचं आहे कारण कोणीतरी दाराशी थांबलंय. ज्या मुलांचं गणित बेताचं असतं, त्यांतल्या पुष्कळांना गणित कशासाठी करायचं एवढंच कोणी दाखवलेलं नसतं.

वाकड्या रेघेबद्दल तर अजिबात काळजी नको. सिडनीच्या ऑपेरा हाउससाठी 1957 साली स्पर्धा जिंकली ती डेन्मार्कचे वास्तुविशारद यर्न उत्झोन यांनी, आणि परीक्षकांनी निकालातच नोंदवलं होतं की त्यांची रेखाटनं अगदी साधी, जवळजवळ आकृतीवजा आहेत. छपराची ती पांढऱ्या शिडांसारखी कवचं बांधायची कशी हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. सगळे आकार एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायचे, हे उत्तर काही वर्षांनी सापडलं. इमारत खुली झाली 1973 मध्ये. सरळ रेघ पट्टीने येते. रेघ कुठे मारायची हे कळायला वेळ लागतो, आणि तुमची मुलगी ते खोक्यांवर शिकते आहे.

सेट घ्यायचाच असेल तर साध्या लाकडी ठोकळ्यांचा घ्या, ज्यात मापं एकमेकांच्या पटीत आहेत: एक पूर्ण, एक अर्धा, एक पाव. अमेरिकेचे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या पद्धतीचे ठोकळे बघितले आणि मुलासाठी आणले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हातारपणापर्यंत राइट त्या ठोकळ्यांना आपल्या कामाचं मूळ मानत. ज्या सेटमधून डब्यावरच्या चित्रातली एकच इमारत होते, त्यावर पैसे घालू नका. मूल सूचना वाचायला शिकतं, ती इमारत कपाटावर बसते आणि संपलं.

कॉम्प्युटरवरचं डिझाइन अजून तीन-चार वर्षं तरी नको. पडद्यावर भिंतीला वजन नसतं. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधायचा कॉम्प्युटरवरचा खेळ ती खेळत असेल तर खेळू द्या, त्यातला एक ठोकळा एक मीटरचा असतो आणि जागेची कल्पना त्यातून चांगली येते. संयुक्त राष्ट्रांच्या वस्ती-कार्यक्रमाने तर 2012 पासून तोच खेळ वापरून सामान्य लोकांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करून घेतले आहेत. फक्त तिला एकदा विचारा, यातल्या झाडाचं खोड कापलं तरी वरचं झाड हवेत कसं राहतं? आणि मग तेच पुठ्ठ्यात करायला लावा.

क्लास लावण्याआधी तो चालू असताना अर्धा तास मागे बसून बघू द्याल का, असं त्यांना विचारा. नाही म्हणाले तर तिथेच सोडा. बघायला मिळालं, तर पाच गोष्टींकडे लक्ष ठेवा. सगळ्या मुलांची मॉडेलं एकसारखी दिसतात का? दिसत असतील तर शिक्षकाचं मॉडेल मुलं चिकटवत आहेत. मॉडेलमध्ये माणूस आहे का? मुलं काही मोजतात का? मोडलं तर शिक्षक येऊन दुरुस्त करतात, की ‘का मोडलं?’ म्हणून मुलाच्या शेजारी बसतात? आणि कटर कोणाच्या हातात आहे? नऊ वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठा मोठ्यांच्या देखरेखीखाली, लोखंडी पट्टी धरून, स्वतःपासून दूर कापायला शिकवलं पाहिजे. तिथे ते शिकवत असतील तर तेवढ्यासाठीही क्लास लावा, नाही तर घरी तुम्ही धरा पट्टी आणि तिला कापू द्या.